मागच्या दाराचं ‘टक्’

४ जून

चि. खिट्टी हिस,
अनेक आशीर्वाद.

फुकट मिळालेल्या माशांची खरी किंमत आधी सांगतो, मग बाकीचं. तीन दुपारी. एक प्रिंटर, जो आता कागद ओढून घेतो आणि परत देत नाही. शिंपिणबाईंच्या कपाटाच्या किल्ल्या, ज्या सोमवारी द्यायच्या होत्या आणि गुरुवार उजाडला तरी कोऱ्याच लटकतायत. आणि तुझ्या मामीचं बोलणं, ते परवापासून बंद आहे. पहिल्या तीन गोष्टी भरून निघतील.

मासे म्हणजे कॉम्प्युटरचे. तू दिलेल्या तुझ्या जुन्या कॉम्प्युटरचा पडदा जरा कोणी हात लावला नाही की काळा पडायचा. आणि किल्ली कापून होईपर्यंत स्टुलावर बसलेलं गिऱ्हाईक काळ्या पडद्याकडे बघत बसलं की घाई करतं, हा माझा अनुभव. इंटरनेटवर एके ठिकाणी लिहिलं होतं, ‘जिवंत मासे, मोफत’. घेतले. केशरी, पट्ट्यापट्ट्यांचे, बुडबुड आवाजासकट. फेब्रुवारीपासून पोहत होते. माणसं किल्ली विसरून मासे बघत बसायची.

मे महिन्यात पडद्यावर लाल पाटी आली. ‘सावधान! तुमचं दार उघडं आहे. ४३७ धोके सापडले.’ आता तूच सांग, दुसऱ्या कोणाला असं सांगितलं तर तो ‘बरं’ म्हणून कूस बदलेल. मला सांगतात? चाळीस वर्षं लोकांची दारं बंद करून पोट भरणाऱ्या माणसाला? त्या पाटीखालीच बटण होतं, ‘महारक्षक, मोफत बसवा’. बसवला. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, ६१२ धोके. मी म्हटलं, एक कुलूप चांगलं तर तीन कुलपं उत्तम. आणखी दोन राखणदार हुडकून बसवले. आता ते तिघे एकमेकांनाच चोर म्हणून धरतात. कॉम्प्युटर सुरू व्हायला इतका वेळ घेतो की तेवढ्यात माझ्या चार किल्ल्या कापून होतात.

मामी म्हणाली, “तीन जावई एका घरात आणून बसवलेत. आता काम कोण करणार?” मी म्हटलं, “तुला यातलं काय कळतं?” बोलणं बंद झालं ते तिथे.

एक गोष्ट मात्र तुला सांगतो, कारण तू हसणार नाहीस. माझे कान तुला ठाऊक आहेत. कुलूप तीन खटक्यांचं की पाच, हे मी न बघता सांगतो. दिवेलागणीला तुझी मामी आत स्वयंपाकघराचं मागचं दार लावते. पाच खटक्यांचं, मी स्वतः घडवलेलं कुलूप. त्याचं ‘टक्’ मला पुढे दुकानात, हातात कानस चालू असताना ऐकू येतं, आणि ते ऐकलं की मी दुकानाच्या फळ्या लावायला उठतो. माझ्या कानाला चुकवून या घरात मुंगी शिरत नाही. तर, गेले काही दिवस कॉम्प्युटरसमोर कोणीही बसलेलं नसताना त्याच्या पोटात कुरकुर होते. धान्याच्या पोत्यात उंदीर असावा तशी. थांबते, परत सुरू होते. यंत्र काम करतंय, पण कोणासाठी?

काय करू ते लिही.

तुझा मामा

*

९ जून

प्रिय मामा,

हसले नाही. तुझ्या कानांनी ऐकलं ते खरं आहे, म्हणून हसले नाही.

आधी हे पत्र खाली ठेव, ऊठ, आणि फोनच्या तारेतून कॉम्प्युटरला जाणारी छोटी तार उपटून काढ. मग पुढे वाच.

काढलीस? आता ऐक. तुझा महारक्षक हाच चोर आहे. ‘घराला आग लागली हो’ असं बोळात ओरडायचं, माणसं बाहेर धावली की स्वतः आत शिरायचं, त्यातली ही युक्ती. ते ४३७ आणि ६१२ त्याने मनानेच ठोकून दिलेले आकडे. कुंपणानेच शेत खाल्लं. आणि त्याला दार उघडून दिलं ते बहुतेक तुझ्या माशांनी. फुकटच्या मासे-फुलं-घड्याळांच्या पोटात असे हेर लपवून पाठवतात. ते गुपचूप बसतात, तू काय करतोस ते बघतात आणि फोनच्या तारेतून बाहेर कळवतात. तुला कुरकुर ऐकू आली ती बहुतेक त्याचीच.

सोबत एक सीडी पाठवते आहे. आमच्या हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात आम्ही हीच वापरतो. तार बाहेरच राहू दे. महारक्षक काढ, बाकीच्या दोघांपैकी एक काढ. अँटीव्हायरस घरात एकच. दोन ठेवले तर त्यांची भांडणं तू पाहिलीच आहेस, मामीची जावयांची उपमा आमच्या विभागाच्या भिंतीवर लिहून लावली आहे. मासेही काढ. रडू नकोस. मग सीडीतला अँटीस्पायवेअर, म्हणजे हेर हुडकणारा, बसव आणि त्याला सगळा कॉम्प्युटर तपासू दे. बराच वेळ लागेल. तो जे धरेल ते काढायला सांग, आणि काय काय धरलं त्याची यादी मला पाठव.

शेवटी फायरवॉल. नाव भारी आहे, पण काम दारावरच्या माणसाचं. आत येणाऱ्याला तो विचारतो, ‘कोण तुम्ही?’ आणि बाहेर जाणाऱ्यालाही विचारतो, ‘पोटाशी काय धरलंय?’ महत्त्वाचं हे दुसरं. ती बसवल्यावरच तार परत लाव. मग एकेक प्रोग्राम बाहेर जायला बघेल तेव्हा फायरवॉल तुला विचारेल, जाऊ देऊ की नको? ओळखीचा असेल तर ‘हो’, नसेल तर ‘नको’. विचार करून उत्तर दे.

पासवर्डही बदल. तो ‘कुलूप’ असणार हे मला न विचारता कळतं.

आता एक प्रश्न, आणि याचं उत्तर खरं दे. त्या कॉम्प्युटरमध्ये तू काय काय ठेवलं आहेस? ईमेलने लिहू नकोस, तो रस्ताच आता भरवशाचा नाही. दुकानातून फोनही नको. तुझा आवाज आणि स्टुलावरच्या गिऱ्हाइकाचे कान, दोन्ही मला माहीत आहेत. पत्रच लिही.

मामीशी बोल. पहिलं तू बोल.

खिट्टी

*

१५ जून

चि. खिट्टी,
आशीर्वाद.

तू सांगितलंस तसंच, त्याच क्रमाने केलं. तार उपटली. महारक्षकाला काढायला गेलो तर तो विचारतो, ‘खरंच मला काढता? तुमचं नुकसान होईल.’ हो म्हटलं तर पुन्हा विचारतो, ‘अगदी नक्की?’ घर सोडताना भाडेकरूसुद्धा इतकं रडत नाहीत. मासे काढताना मात्र हात जड झाला. काल शिंपिणबाई येऊन विचारत होत्या, “मासे कुठे गेले हो?” म्हटलं, “मेले.” बाई बिचाऱ्या हळहळल्या. त्या भरात किल्ल्यांना झालेला उशीर विसरल्या, हा एक फायदा.

तुझा तपासनीस जेवणानंतर लावला तो चहाच्या वेळेला थांबला. एकसष्ट धरले. मी शेजारी कानस घेऊन बसलो होतो, उगाच. तो आतल्या फायली उलटत होता तेव्हा आवाज कसा स्वच्छ, एका लयीत. चांगलं कुलूप तेल दिल्यावर बोलतं तसा. माझी खात्री पटली की हा आपला माणूस.

मग फायरवॉल. ही मला फार आवडली. आयुष्यात कोणी मला इतक्या वेळा विचारून काही केलेलं नाही. ‘अमका बाहेर जायचं म्हणतो, जाऊ देऊ?’ नको. ‘तमका जायचं म्हणतो?’ नको. सगळ्यांना नको म्हटलं. आता इंटरनेटचं एक पान उघडत नाही, तुझ्या अँटीस्पायवेअरला ताजी माहिती आणायला बाहेर जायचं होतं तोही दारात उभा आहे, आणि प्रिंटरने तर अंगच टाकलंय. पण काय बिशाद कोणाची आत शिरायची! असा बंदोबस्त केलाय की मलाच आत जाता येत नाही.

इथपर्यंत हसत लिहिलं. आता पुढचं.

यादी सोबत जोडली आहे. त्यात सतराव्या ओळीवर ज्याच्या नावात ‘की’ आहे तो बघ. मी म्हटलं, धंद्यातलाच कोणी दिसतो. त्याच्या नावावर बटण दाबून माहिती वाचली, शब्दकोश घेऊन बसलो. कळफलकावरची कोणती कळ कधी दाबली, हे तो एकेक करून लिहून ठेवतो आणि बाहेर पाठवतो. मला हे समजायला तुझं शास्त्र लागलं नाही. आमच्यात याला साबणाची वडी म्हणतात. चोर हातात ओली वडी घेऊन येतो, तुमची किल्ली घटकाभर मागतो, वडीवर दाबतो, किल्ली परत देतो. तुमचं काहीच गेलेलं नसतं. आणि सगळं गेलेलं असतं.

तू विचारलंस, कॉम्प्युटरमध्ये काय आहे. किल्ल्यांचं रजिस्टर आहे.

तुला माहीत आहे, प्रत्येक किल्लीला नंबर असतो. तो असला की कुलूप न बघता, दार न बघता, मी दुसरी किल्ली कापून देतो. चाळीस वर्षांत ज्यांनी ज्यांनी माझ्याकडून कुलूप नेलं त्यांचे नंबर त्या तीन जाड वह्यांत आहेत. अकराशे चाळीस घरं. किल्ली हरवलेली बाई रडत येते आणि हसत जाते ती त्या वह्यांमुळे. तू कॉम्प्युटर देताना म्हणाली होतीस ना, ‘मामी शिकेल, मामा तुझ्याच्याने एक ओळ टाइप व्हायची नाही’? तर जानेवारी ते एप्रिल, मी माझ्या या दोन बोटांनी त्या तिन्ही वह्या टाइप करून काढल्या. अकराशे चाळीसच्या अकराशे चाळीस. भेटशील तेव्हा तुला दाखवून तोंडात बोट घालायला लावणार होतो.

आणि मासे फेब्रुवारीत आले.

म्हणजे अर्ध्याहून जास्त वस्तीच्या दारांच्या किल्ल्या मी वडीवर दाबून दिल्या. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, असं लहानपणी ऐकत होतो. तो देणारा मूर्ख कोण असेल, असा प्रश्न पडायचा.

मी ठरवलंय. तुझं उत्तर आलं की, किंवा नाही आलं तरी रविवारपासून, घरोघरी जाणार. सुरुवात मुख्याध्यापिकाबाईंपासून. दारात उभं राहून सांगणार, तुमचं कुलूप माझ्या हातून उघडं झालं, हे नवीन घ्या, मी बसवून देतो. ते झालं की दुकानाची पाटी उतरवणार.

मामा

*

१७ जून

प्रिय खिट्टीस,
मामीचे आशीर्वाद.

हे पत्र ह्यांना माहीत नाही. ह्यांच्या पत्रांना पाकीट, तिकीट, डिंक करायचं काम माझ्याकडे आहे, आणि डिंक लावायच्या आधी मी वाचते. पस्तीस वर्षं वाचते. ह्यांना ऐकू सगळं येतं पण कागद वाचला जाताना आवाज होत नाही.

तर काल ‘माझ्या या दोन बोटांनी’ वाचलं. खिट्टी, ती बोटं माझी. दोन नाहीत, आता सात चालतात. दुपारी जेवून हे घोरायला लागले की मी तीन वाजता दुकानात येऊन बसायचे आणि वहीतलं टाइप करायचे. ह्यांनी पहिल्या दिवशी अकरा ओळी केल्या, बाराव्या ओळीला सगळं पुसलं गेलं, कळफलक उचलून आपटला आणि म्हणाले, “हे बायकी काम आहे.” मी म्हटलं, “द्या इकडे.” तू मारलेल्या टोमण्याचा मान राखायला ह्यांनी तुला तसं लिहिलं असेल, त्याचं मला वाईट वाटलं नाही. पत्रात माणूस थोडा उंच दिसतोच.

पण आता गंमत राहिली नाही. जेवत नाहीत. कालपासून तिन्ही वह्या घेऊन बसलेत आणि घरांची यादी करतायत, कुठल्या बोळातून सुरुवात, कुठे शेवट. गोदामातली सगळी नवी कुलपं काढून तेल देऊन ठेवलीयत. पाटीचे स्क्रू सैल करून पाहिले. मी दोनदा म्हटलं, “अहो, आधी कॉम्प्युटरमधलं ते रजिस्टर एकदा उघडून तर बघा.” तर म्हणाले, “त्यात बघायचं काय? वहीत आहे तेच त्यात.” मी काय बोलणार? जे मी टाइप केलं ते मी माझ्या पद्धतीने केलंय, आणि ते असं तोंडाने सांगायला मला जरा लाज वाटते. उघडून बघतील तर आपोआप कळेल. काळजीचं नाही, एवढं तुला सांगते.

कॉम्प्युटरचं म्हणून हे फक्त तुझं ऐकतात. मी शेजारी बसून सांगितलं तर ती बडबड, तू लांबून लिहिलंस तर ते शास्त्र. तेव्हा तू असं काहीतरी लिही की ह्यांना ते उघडावंच लागेल. आणि रविवारच्या आत पोचेल असं टाक. मुख्याध्यापिकाबाई एकदा घाबरल्या की शाळा सुटायच्या आत सगळीकडे बातमी, मग ह्यांना काही सांगून उपयोग नाही.

बोलणं मी कालच सुरू केलंय. एवढ्या काळजीतल्या माणसाशी अबोला धरणं म्हणजे पडलेल्याला टपली मारणं.

तुझी मामी

ता. क. मासे मला आवडत होते. पण कोणाला सांगू नकोस.

*

१९ जून

प्रिय मामा,

हे पत्र आमच्या विभागातली बाई तुमच्या बाजूला येते आहे तिच्या हाती पाठवते, म्हणजे शनिवारी पोचेल.

कोणाच्याही दारी जाण्याआधी मला एक नमुना हवा आहे. आमच्याकडे पद्धत आहे: काय चोरीला गेलं हे चोराला विचारायचं नाही, तिजोरी उघडून बघायचं. साबणाच्या वडीवर काय उमटलं असेल ते वहीवरून कळणार नाही, जे टाइप झालं त्यावरून कळेल. तेव्हा रजिस्टरची फाइल उघड आणि पहिल्या पाच ओळी जशाच्या तशा, एक अक्षर इकडेतिकडे न करता, हाताने उतरवून मला पाठव. शेवटची ओळही. तूच टाइप केलं आहेस, तेव्हा तुला सोपं जाईल. हे झाल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. मामा, ही विनंती नाही.

फायरवॉलचं वाचून पोट दुखेपर्यंत हसले. तू सगळ्यांना नको म्हटलंस? लहानपणी मी खिट्टी काढून पळाले म्हणून बाबा दाराला वरून खाली खिळे मारायला निघाले होते, तेव्हा कोण म्हणालं होतं, ‘कुलूप म्हणजे भिंत नव्हे, योग्य माणसाला उघडतं ते कुलूप’? आता तेच वाक्य तुला परत. इंटरनेटचं पान दाखवणाऱ्याला ‘हो’ म्हण, अँटीस्पायवेअरला आठवड्यातून एकदा ताजी माहिती आणू दे, प्रिंटरला माफ कर. बाकीच्यांना नाव विचार.

आणि धीर धर. तू मला एकदा सांगितलं होतंस की किल्ली हरवली म्हणणाऱ्या दहा बायकांपैकी सात जणींची किल्ली त्यांच्याच हातात असते.

खिट्टी

*

२४ जून

चि. खिट्टी,
अनेक, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शनिवारी दुपारी आलं तेव्हा माझा सदरा इस्त्री होऊन खुर्चीवर टांगला होता. फाइल उघडायला बसलो. तू सांगितलंस तशा ओळी उतरवतो.

१. खोकणारे मास्तर. पुढचं दार. आणि नंबर.
२. हिरवे पडदे. पुढचं दार, जिन्याचं दार. नंबर.
३. कुत्रं आहे पण भुंकत नाही. नंबर.
४. चष्मा कपाळावर आणि शोधतात घरभर. नंबर.
५. किल्ली दोनदा हरवली, दोन्ही वेळा पिठाच्या डब्यात. नंबर.

मी डोळे चोळले. खाली गेलो. शंभराव्या ओळीवर तेच, पाचशेव्या ओळीवर तेच. ‘भाव करतात आणि मग चहा पितात.’ ‘सून बोलते, सासू पैसे देते.’ ‘उंच, दारातून वाकून जातात.’ अकराशे चाळीस ओळींत एक नाव नाही, एक गल्ली नाही, एक घर क्रमांक नाही!

हाक मारली. मामी हात पुसत आली. म्हटलं, “हे काय केलंस?”

म्हणाली, “काय चुकलं?”

“नावं कुठायत लोकांची?”

“वहीत.”

“आणि पत्ते?”

“वहीत. ओळीचा आकडा दोन्हीकडे एकच आहे. इथे ‘हिरवे पडदे’ सापडले की वहीत दुसरी ओळ काढायची.”

“अगं पण असं का?”

तेव्हा ती जे बोलली ते ऐकून मी स्टुलावर बसलो. म्हणाली, “लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय, गिऱ्हाइकाला किल्ली देताना दर वेळी सांगता: ‘किल्लीला पत्त्याची चिठ्ठी बांधू नका. किल्ली एका खिशात, पत्ता दुसऱ्या खिशात.’ मला वाटलं, अकराशे चाळीस किल्ल्या एका डब्यात भरतोय, त्याला चिठ्ठ्या कशाला बांधायच्या?”

खिट्टी, वडीवर उमटलं ते एवढंच. जगाच्या पाठीवर कुठेतरी एक चोर कागद पसरून बसला असेल आणि ‘कुत्रं आहे पण भुंकत नाही’ यांचं घर शोधत असेल. शोधू दे. त्या कुत्र्याच्या भीतीने मला स्वतःला त्या घरी जायला वीस वर्षं लागली.

सदरा घडी करून ठेवला. पाटीचे स्क्रू घट्ट केले. मग जेवलो, चार दिवसांचं एकदम.

आता कबुली. टाइप मी केलेलं नाही. माझ्या अकरा ओळी, त्याही पुसल्या गेल्या. बाकी सगळं तिचं. तुला हे आधीपासून ठाऊक होतं असा मला दाट संशय आहे, कारण ‘तूच टाइप केलं आहेस, तेव्हा तुला सोपं जाईल’ हे वाक्य वाचताना मला तुझ्या आवाजातलं हसू ऐकू आलं. कागदावरचं हसूसुद्धा ऐकतो मी. आणि ‘तुला यातलं काय कळतं’ हे माझं वाक्य मी मामीसमोर परत घेतलं. म्हणाली, “ठेवा तुमच्याकडेच, पुढच्या वेळी लागेल.”

तर नवीन व्यवस्था अशी. फायरवॉलचा पासवर्ड मामीकडे. काही विचारायला खिडकी उघडली की मी आत हाक मारतो, ती येते, चष्मा लावते, वाचते आणि ‘हो’ किंवा ‘नको’ दाबते. पाच दिवसांत चार ‘हो’, नऊ ‘नको’. प्रिंटर परत कागद द्यायला लागला. इंटरनेट चालू आहे. दर रविवारी अँटीस्पायवेअर तपासणी करतो आणि मी शेजारी बसून ऐकतो. पडद्यावर आता आपल्या दुकानाचा फोटो फिरतो. गिऱ्हाइकं तो बघत नाहीत, माझ्याशी बोलतात. त्यामुळे किल्ली कापायला जास्त वेळ लागतो.

एकच चूक तिच्याकडून झाली, ती मी तिला दाखवून दिली नाही. इतकं केल्यावर कोण दाखवेल? तू शेवटची ओळ मागितली होतीस म्हणून फक्त तुला सांगतो. ओळ ११४० आपल्या घराची आहे: ‘आमचं. पुढचं दार,’ त्याचा नंबर बरोबर. ‘मागचं दार,’ आणि पुढे जागा रिकामी. साऱ्या वस्तीचे नंबर भरले आणि स्वतःच्या स्वयंपाकघराचा विसरली. असू दे. ते पाच खटक्यांचं कुलूप माझ्या हातचं आहे, त्याचा नंबर माझ्या डोक्यात आहे, आणि ते लागलं की नाही हे सांगायला माझे कान आहेत. हे लिहिता लिहिताच आतून ‘टक्’ ऐकू आलं. फळ्या लावायला उठतो. बाकी पाकीट, डिंक मामी बघेल.

तुझा मामा

खिट्टी, डिंक लावायच्या आधी दोन ओळी. मागच्या दाराचा नंबर मी विसरलेली नाही. ते कुलूप सहा वर्षांपूर्वी बिघडलं, ह्यांना दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा ‘बघतो’ म्हणाले. तेव्हापासून मी आतून नुसती कडी घालते, तिचा आवाज होत नाही. दिवेलागणीला ह्यांना ऐकू येतं ते ‘टक्’ स्वयंपाकघरातल्या दिव्याच्या बटणाचं आहे.